वाचेल ते मिळेल

बाई निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. तरीही मी मोठ्या गटाची मुलं घेऊन शाळेसमोरच्या रस्त्याला लागले की चपलांच्या दुकानातले काका हातातलं काम टाकून उठतात आणि विचारतात, "आज कुणाचं यायलंय?" कुणाचं काही येत नसतं. आम्ही वृक्षदिंडीला निघालेलो असतो. पण परभणीतल्या या एका रस्त्याला बाईंनी जी खोड लावून ठेवली आहे, ती जायला अजून किती वर्षं लागतील देव जाणे.

आमच्या शाळेत बालवर्गाचे दोन गट. तेव्हा लहान गट माझ्याकडे होता आणि मोठा गट बाईंकडे. दोन्ही वर्गांच्या मधे प्लायवूडची भिंत, भिंतीत एक दार, आणि दाराची कडी बाईंच्या बाजूला. दिवसातून केव्हाही ती कडी वाजायची, बाईंचं तोंड आत यायचं आणि त्या म्हणायच्या, "आमचं एक यायलंय. जरा ह्यांच्याकडं बघा." मी काही बोलायच्या आत त्या एका मुलाचा हात धरून फाटकाबाहेर गेलेल्या असायच्या आणि माझ्या अठ्ठावीस मुलांत त्यांची उरलेली एकोणतीस मुलं मिसळलेली असायची. माझी मुलं साडेतीन वर्षांची. कुणाची चड्डी ओली, कुणाच्या नाकात पेन्सिलीचा तुकडा, कुणी आईसाठी भोकाड पसरलेलं. त्यात बाईंची मुलं खिडकीत चढून बाहेर गेलेल्याला हाका मारायची. अशी आठ वर्षं मी काढली आहेत.

यायलंय म्हणजे वाचायला यायलंय. बाईंच्या मोठ्या गटात एखादं मूल पहिल्यांदा आपलं आपण काहीतरी वाचायला लागलं की तो दिवस त्या मुलाचा. इतर शाळांत अशा वेळी टाळ्या वाजवतात, हातावर चांदणी काढतात, फार तर चॉकलेट देतात. बाई त्या मुलाला रस्त्यावर घेऊन जायच्या. दुकानांच्या पाट्यांवरचं जे काही त्याला स्वतःला वाचता येईल, ते त्याला मिळायचं. वाचेल ते मिळेल, एवढाच नियम. बिस्किट वाचलं तर बिस्किट, खिळे वाचले तर खिळे.

एकानं विटा वाचल्या. रस्त्याच्या टोकाला बांधकामाच्या सामानाचं दुकान आहे, त्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. बाईंनी मालकाकडून एक वीट मागून घेतली, पदरानं पुसली आणि मुलाच्या दप्तरात घातली. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील वीट घेऊनच शाळेत हजर.

"बाई, लेकराच्या दप्तरात वीट कामून?"

"त्यानं वाचली म्हणून."

"अहो, पण वीट?"

"त्यानं पेढा वाचला असता तर पेढा दिला असता. माज्या हातात काय हाय त्यात?"

वडील माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी सगळे माझ्याकडेच बघायचे, मी बाईंची वकील असल्यासारखे. मी त्यांना पाणी दिलं, बसवलं, समजूत घातली. पुढं कळलं की ती वीट त्यांनी देवघराशेजारी ठेवली आहे आणि आल्यागेल्याला दाखवतात. लोकही असेच असतात.

एका मुलीनं तर 'खोली भाड्याने देणे आहे' असं अख्खं वाक्य वाचून दाखवलं. तिथं मी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता, कारण खोली काही दप्तरात घालता येत नाही. पण बाई तिला घेऊन ती खोली बघायला गेल्या. घरमालकानं कुलूप उघडलं, मोरी दाखवली, माळा दाखवला. बाईंनी नळाला किती दिवसांआड पाणी येतं ते विचारलं. मुलीनं खिडकी उघडून बघितली आणि दोघी परत आल्या. घरमालक बिचारा आठवडाभर वाट बघून शाळेत चौकशीला आला. त्याच्याशीही मीच बोलले. ज्यानं 'दाढी' वाचलं, त्याला सलूनमधल्या कारागिरानं खुर्चीवर फळी टाकून बसवलं, गालांना फेस लावला आणि कंगव्याच्या पाठीनं त्याची दाढी केली. तो मुलगा दिवसभर गाल चोळत आरशासमोर उभा होता आणि माझ्या वर्गातल्या चौघांनी पाटी पुसायच्या डब्यातलं पाणी तोंडाला फासून घेतलं.

बाईंच्या गळ्यात सुतळीनं बांधलेला एक पुठ्ठा असायचा. पोस्टकार्डाएवढा, कडा झिजून गोल झालेल्या. चित्र झाकायला. मुलं चित्र बघून शब्द ओळखतात आणि आपण म्हणतो वाचलं, हे बाईंना अजिबात चालायचं नाही. आंब्याचं चित्र असलं की त्यावर पुठ्ठा. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी कौतुकानं विचारलं की हे गळ्यात काय आहे. बाईंनी साहेबांच्या ओळखपत्रावरचा फोटो पुठ्ठ्यानं झाकला आणि समोरच्या मुलाला म्हणाल्या, "वाच हे कोण हाय ते." मुलाला वाचता येईना. साहेब वाकून उभे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. हेडबाईंच्या कपाळावर घाम. शेवटी बाईंनीच साहेबांना सोडलं. "ह्याचं अजून यायचंय," त्या म्हणाल्या, आणि साहेबांना पुढच्या वर्गाचा रस्ता दाखवला.

सांगायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम, आणि माझ्या डोक्याला सगळ्यात जास्त ताप देणारा. मूल अडलं की बाई नुसत्या उभ्या. ओठसुद्धा हलवायच्या नाहीत. औषधाच्या दुकानासमोर एक मुलगा मधली सुट्टी संपेपर्यंत अडून राहिला होता आणि बाई त्याच्या डोक्यावर छत्री धरून. दुकानदाराला दया आली. त्यानं हळूच शब्द सांगून टाकला. बाई त्याच्यावर अशा फिरल्या की तो काउंटरमागं गेला. "तुमचं वाचून झालंय ना? मग गप बसा की." त्या दिवशीचं वाचन रद्द. मुलाला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाटीसमोर उभं केलं. मी परत दुसऱ्या दिवशी सत्तावन्न मुलं घेऊन बसले.

मी एकदा विचारलंच, "बाई, एखादं अक्षर सांगितलं तर काय बिघडतं?"

"माजा बाप येलदरीला धरणावर कामाला व्हता," बाई म्हणाल्या. "आमा भावंडांना पाण्यात सोडायचा आन काठावर बिडी वढत बसायचा. हात न्हाई द्यायचा. आलो की आमी काठाला."

"आणि नसतं कुणी आलं तर?"

"तर उडी मारली असती त्यानं. बिडी वढत व्हता, पर नजर आमच्यावर व्हती."

पेडगावहून रोज जीपमध्ये कोंबून घेऊन येणारी ही बाई शाळेत सगळ्यांच्या आधी पोचायची, वर्षाअखेरीला तिची रजा नेहमी शिल्लकच असायची, आणि तिच्या वर्गातून पहिलीत गेलेलं मूल वाचताना अडत नाही हे हेडबाईंनाही माहीत होतं. म्हणून तर सगळे सोसत होते. आणि सगळ्यांच्या वाटचं मी सोसत होते, कारण ते दार माझ्या वर्गात उघडत होतं.

मग माझी मुलगी ओवी मोठ्या गटात गेली.

मला वाटलं होतं, ही पहिल्या पाचांत येईल. शाळेतल्याच एका बाईची मुलगी, घरात पुस्तकं, गोष्टी ऐकत वाढलेली. दिवाळीपर्यंत बाईंचा अर्धा वर्ग रस्त्यावर जाऊन आला. एकीनं केळी आणली, एकानं दोरा आणला, एकजण तर कुलपाची किल्ली बनवून घेऊन आला. ओवी रोज घरी येऊन कोणी काय आणलं ते सांगायची. तिचं काही यायचं नाव नव्हतं. मी बाईंना विचारायची, त्या म्हणायच्या, "यायलंय." नाताळात पाच मुलं राहिली. संक्रांतीला एकच राहिलं. ते माझं. सासूबाई एकदा भाजी निवडताना सहज म्हणाल्या, "तू सोता बाई हायस ना गं?" त्या मनानं वाईट नाहीत, पण ते वाक्य मला आठ दिवस झोपू देईना.

त्यात हेडबाईंनी वाचन सोहळा काढला. मंडप, पालक, स्टेज, मुलांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या टोप्या, गळ्यात पदक, आणि प्रत्येकानं माइकसमोर चार ओळी वाचायच्या. बाईंनी एकच अट घातली. ज्याचं आलंय तेच स्टेजवर जाईल. हेडबाईंनी मान्य केली, कारण तीसपैकी एकोणतीस जात होते आणि तिसावीची आई शाळेतलीच होती, ती समजून घेईल असं त्यांना वाटलं.

मी समजून घेतलं नाही. मी ओवीला रोज संध्याकाळी त्या रस्त्यावर फिरायला न्यायला लागले. शाळेच्या फाटकापासून चौकापर्यंत अकरा पाट्या. पहिली चपला, दुसरी किराणा, तिसरी औषधे. पाचवी पिठाची गिरणी. बोट दाखवायचं आणि म्हणायचं. पोरगी हुशार, चार दिवसांत अकराच्या अकरा तोंडपाठ. इतकी वर्षं मुलांना शिकवणाऱ्या बाईनं असं करावं, याची मला तेव्हा लाज वाटली नाही. नंतर वाटली, पण तेव्हा नाही. सोमवारी मी स्वतः ते दार वाजवलं आणि बाईंना म्हणाले, "आमच्या ओवीचं यायलंय."

बाई तिला घेऊन गेल्या. मी खिडकीतून बघत होते, बाईंची मुलं माझ्या खांद्यावर चढून. ओवीनं चपला म्हटलं, किराणा म्हटलं, एकही थांबा नाही. बाईंच्या चालण्यावरूनच मला कळलं की त्यांना काहीतरी खटकतंय. ओवी गिरणीसमोर गेली, बोट वर केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पिठाची गिरणी."

गिरणीची पाटी दिसतच नव्हती. आदल्या रात्री कुण्या दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तिच्यावर बांधून गेले होते. ओवीचं बोट दादांच्या काळ्या चष्म्यावर होतं. रस्त्यावरची माणसं हसायला लागली. गिरणीवाला पीठभरल्या हातांनी बाहेर आला आणि तोही हसला. ओवी आधी त्यांच्याबरोबर हसली. मग तिनं बाईंकडे बघितलं, फ्लेक्सकडे बघितलं, आणि हात मागे घेतला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला परत आणलं, वर्गात बसवलं आणि दारात येऊन मला म्हणाल्या, "पाठ करून पाठवलं तुमी तिला."

"बाई, सोहळा आठ दिवसांवर आलाय."

"तिचं यायलं व्हतं. आता भिईल ती." एवढंच म्हणाल्या आणि कडी लावून घेतली. शाळेतल्या मावशी तिथंच झाडत होत्या. त्यांनी ऐकलं, म्हणजे सगळ्या शाळेनं ऐकलं.

आणि खरंच, ओवी अक्षराकडे बघेनाशी झाली. रात्री गोष्टीचं पुस्तक काढलं की ती पांघरूण तोंडावर घ्यायची. बिस्किटाच्या पुड्यावरचं नावसुद्धा नको म्हणायची. "मला येत न्हाई," हे तिचं पालुपद झालं. माझ्याच पोरीला मी अक्षराची धास्ती लावून ठेवली होती, आणि हे कबूल करण्यापेक्षा बाईंवर चिडणं सोपं होतं. मी चिडले.

सोहळ्याच्या दिवशी एकोणतीस मुलं टोप्या घालून स्टेजवर गेली. ओवी माझ्याशेजारी खुर्चीवर. टाळ्या वाजल्या की तीही वाजवत होती. मधेच तिनं माझी साडी ओढून विचारलं, "आई, माजी टोपी कुणाला दिली?" मी म्हटलं, नंतर मिळेल. स्टेजच्या बाजूला बाई गळ्यातला पुठ्ठा हातात धरून उभ्या होत्या. त्या क्षणी माझ्या मनात त्यांच्याबद्दल जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जे लिहिण्यासारखं होतं ते मी रविवारी बसून लिहिलं. हेडबाईंच्या नावे अर्ज. बाई मुलांना रस्त्यावर नेतात. बाई वर्ग सोडून जातात. बाई कोणाचे ऐकत नाहीत. बाईंना मोठ्या गटातून काढून दुसरा वर्ग द्यावा. खाली माझं नाव. दिवसभर फळ्यावर लिहून माझं अक्षर बालवर्गाचंच झालं आहे, मोठं आणि सुटं. अर्ज त्याच अक्षरात उतरला. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आजही मी त्यातला शब्द खोडणार नाही. अर्ज घडी करून मी वहीत ठेवला आणि स्वयंपाकाला लागले.

सोमवारी सकाळी वहीत अर्ज नव्हता. मी घर पालथं घातलं, पर्स उलटी केली, नवऱ्यावर ओरडले. उशीर झाला म्हणून तशीच शाळेत गेले. प्रार्थना झाली, मुलं बसली, आणि मी फळ्यावर तारीख घालत असताना प्लायवूडच्या पलीकडून एक आवाज आला. बारीक, अडखळणारा, एकेक अक्षर चाचपत पुढं जाणारा. मी खडू हातात घेऊन ऐकत राहिले. तो ओवीचा आवाज होता.

कडी लावलेली नव्हती. मी दार ढकललं. ओवी बाईंच्या टेबलापाशी उभी होती आणि तिच्या हातात माझा अर्ज होता.

"कुठं मिळालं हे तुला?" बाई विचारत होत्या.

"आईच्या वहीत. ह्याच्यात बाई बाई बाई असं लिहिलंय. मला ते ओळखू आलं. मग खाटेखाली बसून बाकीचं बघितलं."

"कुणी सांगितलं का?"

"न्हाई. आई कुकर लावायली व्हती."

"मग वाच. सुरुवातीपासून."

ओवीनं बोट ठेवलं. "बा-ई... मु-लां-ना... रस्-त्या-वर... ने-ता-त."

"नेते," बाई म्हणाल्या. "आता तुलाबी न्यायचंय. पुढं."

"बा-ई... वर्ग... सो-डू-न... जा-ता-त."

"जाते. पुढं."

मी दोन पावलं टाकून तो कागद ओढून घेऊ शकले असते. हात पुढं आलाही होता. पण जूनपासून मी ज्या आवाजाची वाट बघत होते तो आवाज चालू होता, आणि मी हात लावला असता तर तो पुन्हा बंद पडला असता. मी दारातच उभी राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते आनंदाचं किती आणि शरमेचं किती हे मला आजही सांगता येणार नाही. बाईंची एकोणतीस मुलं हाताची घडी घालून ऐकत होती.

"बा-ई... को-णा-चे... ऐ-क-त... ना-ही-त."

"न्हाई ऐकत. हे खरं हाय. पुढं."

पुढचं वाक्य लांब होतं. 'मोठ्या' या शब्दावर ओवी अडली. बाईंचे ओठ हलले नाहीत. कुठलंच मूल बोललं नाही, त्यांना ती सवय होती. ओवीनं त्या शब्दावर तीनदा बोट फिरवलं, मागं गेली, परत आली आणि तो पार केला. मग तिनं सावकाश, एकही अक्षर न सोडता, बाईंना मोठ्या गटातून काढून दुसरा वर्ग द्यावा असं बाईंना वाचून दाखवलं. संपल्यावर तिनं वर बघितलं. आपण काय वाचलं ते तिला कळलेलं नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की आलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं.

"आन हे काय लिवलंय?"

"आईचं नाव," ओवी म्हणाली.

"वाचलंस, का पाठ व्हतं?"

ओवीनं माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं.

"पाठ व्हतं."

"मग ते धरायचं न्हाई," बाई म्हणाल्या आणि कागदाची घडी घालून त्यांनी तो माझ्या हातात दिला. "बाकी समदं वाचलं पोरीनं. वाचंल ते मिळंल."